ओकमध्ये मुरलेली दोनशे वर्षं

सोमवार, 17 ऑक्टोबर 1814. लंडनमध्ये दुपारचे चार वाजून गेले आहेत. टॉटनहॅम कोर्ट रोड जिथे ऑक्सफर्ड स्ट्रीटला मिळतो, तिथल्या हॉर्स शू ब्रुअरीत तुम्ही शिरला आहात. बाहेर कोळशाचा धूर होता, घोड्यांची लीद होती, फेरीवाल्यांचा ओरडा होता. आत भिंती जाड आणि उजेड कमी. डोळे सरावेपर्यंत सगळी मदार नाकावर. ओलं लाकूड, भाजलेलं धान्य, आणि त्या दोन्हींच्या खाली दबून असलेला एक आंबूस, तबेल्यातला वाटावा असा वास. तो लक्षात ठेवा. पुढची दोनशे वर्षं आपण त्याच्याच मागावर असणार आहोत.

समोर जे उभं आहे त्याला पिंप म्हणायला जीभ धजत नाही. 22 फूट उंची. ओकच्या उभ्या फळ्या एकमेकींना भिडवलेल्या, बाहेरून लोखंडी कडी ठोकलेली. त्यातल्या एकेका मोठ्या कड्याचं वजन तीनशे किलोंच्या आसपास. आत 10 महिने मुरलेली पोर्टर नावाची काळी बिअर, काठापासून जेमतेम चार इंच खाली: 3,555 बॅरल, म्हणजे जवळजवळ सहा लाख लिटर. फळ्यांवर तळहात टेकवा. लाकूड गार आहे, किंचित दमट आहे. आतलं वजन हाताला कळत नाही, पण त्याच्याजवळ उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो.

तुमच्या हाती कथलाचा पेला येतो. फेस तपकिरी, पातळ, लवकर बसणारा. पहिला घोट घ्या, पण गिळायची घाई करू नका. सुरुवातीला भाजक्या धान्याचा कडवटपणा येतो. त्यामागून गोडवा येईल असं जिभेला वाटत असतं, आणि तो येतच नाही. दहा महिन्यांत बहुतेक साखर खाऊन संपली आहे. गोडव्याच्या जागी जिभेच्या दोन्ही कडांना एक आंबट चमक लागते, वाइनची आठवण करून देणारी, आणि गिळल्यावर मागे राहतं ते चामडं, खोगीर, तबेला. पहिल्या घोटाला हे विचित्र वाटतं. तिसऱ्या घोटाला कळतं की हा वास काढून टाकला तर उरेल ती नुसती कडवट काळी बिअर.

हीच चव लंडनला हवी आहे. इथल्या गुत्त्यांत दोन प्रकारची पोर्टर असते, एक ताजी आणि एक मुरलेली. गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे दोन्हींचं मिश्रण मागतं: कुणाला जुनी थोडी जास्त, कुणाला कमी. ताजीत गोडवा आणि अंग, जुनीत धार. मिश्रणाची ही युक्ती जपून ठेवण्यासारखी आहे, ती पुढे समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात भेटणार आहे. आणि मुरवायला वेळ लागतो, जागा लागते, पैसा अडकून पडतो, म्हणून ज्यांच्याकडे भांडवल आहे तेच मालक अशी अवाढव्य पिंपं उभारतात आणि कुणाचं मोठं यावरून चुरस करतात.

साडेचारच्या सुमारास एक जड, घसरल्यासारखा आवाज होतो. कोठाराचे कारकून जॉर्ज क्रिक येऊन बघतात. पिंपाचं एक कडं निसटलं आहे. वर्षातून दोन-तीनदा असं होतंच, त्यानं काही बिघडत नाही, असं वरिष्ठ त्यांना सांगतात. कडं बसवून घेण्यासाठी क्रिक ब्रुअरीच्या एका भागीदाराच्या नावे चिठ्ठी लिहितात. ती चिठ्ठी हातात धरून ते उभे असतानाच, साडेपाचच्या सुमारास, पिंप फुटतं.

तुम्ही तिथून बाहेर पडा, पण काय झालं ते समजून घेऊन पडा. ब्रुअरीची मागची भिंत कोसळते आणि बिअरचा लोंढा सेंट जाइल्सच्या दाटीवाटीच्या वस्तीत, न्यू स्ट्रीटवर शिरतो. तिथे गरीब कुटुंबं तळघरांत राहतात. एका तळघरात दोन वर्षांच्या मुलाचं शव समोर ठेवून आयरिश माणसं जागरणाला बसली आहेत. त्यांच्यातलेच पाच जण दगावतात. एकूण आठ बळी, सगळ्या बायका आणि मुलं. लोक रस्त्यावर पडून बिअर प्यायले, अशी कथा पुढे रंगवून सांगितली गेली. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तसं काही नाही. होतं ते एवढंच की ढिगाऱ्याखालचं कण्हणं ऐकू यावं म्हणून जमलेल्या लोकांना गप्प राहायला सांगण्यात आलं. चौकशीत मृत्यू अपघाती ठरले, कुणावर दोष आला नाही. ब्रुअरीनं भरलेला अबकारी कर मात्र पार्लमेंटनं माफ करून दिला. मुरलेल्या बिअरच्या इतिहासात हे पान येतंच, आणि ते गमतीचं म्हणून सांगितलेलं मला आवडत नाही.

आता पूर्वेकडे चला. शहर विरळ होतं, ली नदीच्या काठी बो नावाचं गाव लागतं. इथे हॉजसन यांची ब्रुअरी आहे. तिचं मोठेपण आकारात नाही, ठिकाणात आहे: ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे भरली जातात ते ब्लॅकवॉल इथून अगदी जवळ. कंपनीच्या कप्तानांना स्वतःच्या व्यापारासाठी जहाजात थोडी जागा मिळते, आणि हॉजसन त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देतात. फिकट रंगाची, भरपूर हॉप्स घातलेली, ऑक्टोबरमध्ये गाळलेली कडक बिअर.

इथलं पिंप माणसाच्या मापाचं आहे, सुमारे अडीचशे लिटरचं. दोन माणसं ते आडवं घालून गडगडत नेतात. त्याची फळी नीट बघा. हा ओक इंग्लंडचा नाही, अमेरिकेचा तर नाहीच. तो बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेल बंदरातून आला आहे, आजच्या लिथुआनियातल्या क्लायपेडामधून. गाळणाऱ्यांना तो का आवडतो? कारण तो बिअरला जवळजवळ काहीही देत नाही. अमेरिकन ओकचा गोडसर, सुगंधी स्पर्श इंग्लिश कारागिरांना खपत नाही. ते त्याला दोष मानतात. लाकडानं गप्प बसावं, बिअर धरून ठेवावी, बस्स. आज ओकमध्ये मुरवलेल्या बिअरच्या बाटलीवर लाकडाच्या सुगंधाची जाहिरात वाचताना मला ही मेमेलची फळी नेहमी आठवते.

1825च्या जानेवारीत जहाज सुटतं आणि तुम्ही त्याच्या पोटात, त्या पिंपाशेजारी आहात. चार-पाच महिन्यांचा हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून जातो. विषुववृत्त एकदा ओलांडायचं, केप ऑफ गुड होपला थंडी खायची, आणि पुन्हा विषुववृत्त ओलांडायचं. खालच्या कोठारात हवा कोंडते, उकाडा वाढतो, मग उतरतो, मग पुन्हा वाढतो. जहाज डोलतं तशी आतली बिअरही हलत राहते. फळ्या फुगतात, आकसतात. तोंडाच्या बुचाशी कान नेलात तर बारीक फुसफुस ऐकू येते. आत काहीतरी जिवंत आहे आणि ते उरलीसुरली साखर शोधून खात आहे. जहाजावर कुणालाच त्याचं नाव माहीत नाही. लंडनच्या त्या पेल्यातला वास ज्यानं आणला होता, तोच हा जीव असावा.

मे 1825, मुंबई. जहाज बंदरात नांगर टाकून उभं आहे आणि माल पडावांतून फोर्टमधल्या कस्टम हाउसच्या धक्क्यावर उतरतो आहे. जवळच टाउन हॉलचं बांधकाम रखडत चाललं आहे. तुम्ही आज त्या इमारतीला एशियाटिक म्हणता आणि तिच्या पायऱ्यांवर बसता. 1825मध्ये मात्र तिथे दगडांचे ढीग आहेत. घामानं निथळणारे घाटावरचे हमाल पिंप खाली घेत आहेत.

“दमानं रं! खालच्या अंगाला गळतंया ह्ये.”

“गळू दे की. आपल्या अंगाखांद्यावर न्हाई आलं म्हंजी झालं.”

गळतंच. एवढ्या वाटेत सांधे सैल होतात, काही पिंपं अर्धी रिकामी निघतात, काहींची बिअर पार आंबून जाते. ती लिलावात मातीमोल विकली जाते. जी चांगली निघते तिला मात्र गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत मानाचं स्थान आहे. शिपायांच्या वाट्याला बहुधा पोर्टर येते. फिकट बिअर साहेबांसाठी.

अमेरिकेतला बर्फ मुंबईत यायला अजून काही वर्षं आहेत. म्हणून बंगल्याच्या व्हरांड्यात आबदार बसला आहे. पेयं गार करणं एवढंच त्याचं काम, आणि त्यात तो वाकबगार आहे. पाण्यात सोरा विरघळवतो, पाणी थंड पडतं, त्यात बाटली धरून सावकाश फिरवत राहतो. हातातली गती एकसारखी. बाटलीवर दव धरलं की फडक्यानं पुसून तो ती पुढे करतो.

ग्लासातला रंग पिवळसर सोनेरी, आणि द्रव नितळ. लंडनहून निघताना हॉप्सचा जो उग्र कडवटपणा होता तो प्रवासात झिजून गोल झाला आहे. सुगंध ताज्या पाल्याचा राहिलेला नाही, वाळल्या गवताकडे झुकला आहे. घोट कोरडाठक. साखरेचा मागमूस नाही, म्हणून मेच्या काहिलीत ही बिअर तोंडाला चिकटत नाही. उलट तोंड धुतल्यासारखं वाटतं. शेवटाला, अगदी मंद, तोच तबेला. माझ्या मते त्या काळी या शहरात आलेली ही सर्वांत नाजूक चव होती, आणि ती कुणी ठरवून घडवली नव्हती. हॉप्सनं राखण केली, समुद्रानं ऊब दिली, आणि गप्प बसणाऱ्या लाकडानं काळाला आत येऊ दिलं.

आता पुढे, 1870च्या दशकाच्या अखेरीस, बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समध्ये. रुसेलारे गावात रोडेनबाख घराण्याची ब्रुअरी आहे. हे घराणं गावात फार मोठं. अलेक्झांडर रोडेनबाख अंध होते, तरी बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या काळात राजकारणात वावरले. त्यांनी भावंडांबरोबर 1821 साली इथली ब्रुअरी घेतली. याच घराण्यातला आल्ब्रेख्ट हा तरुण कवी फ्लेमिश भाषेच्या चळवळीचा आवाज झाला आणि 1880 साली तेवीस वर्षांचा असताना गेला. आपल्याला मात्र भेटायचं आहे ते यूजीन यांना. ते इंग्लंडला जाऊन तिथली मुरवण्याची आणि नवं-जुनं मिसळण्याची पद्धत शिकून आले, असं ब्रुअरीची परंपरा सांगते.

यूजीन तुम्हाला तळघरात नेतात. उभी ओकची पिंपं, त्यांना इथे फूडर म्हणतात, रांगेनं छतापर्यंत गेलेली. एक कारागीर उकिडवा बसून दोन फळ्यांच्या मध्ये पाणकणसाची सुकी पात भरतो आहे. खिळा नाही, डिंक नाही. बिअर भरली की पात ओली होऊन फुगते आणि सांधा बंद होतो. त्याच्या बोटांची चाल बघत राहावी अशी आहे: पात घेतो, अंगठ्यानं चपटी करतो, फळीच्या कडेवर बसवतो, दुसरी फळी वर दाबतो, कान देऊन एक हलका ठोका मारतो. त्या ठोक्यानं त्याला जे कळतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पण त्याच्या हाताखालची फळी पुढची शंभर वर्षं बिअर धरणार आहे.

इथली बिअर लंडनच्या पोर्टरएवढी काळी नाही, तांबूस आहे. फूडरमधून थेट काढलेला दोन वर्षांचा घोट तोंडात घ्या आणि डोळे मिटतील एवढा आंबटपणा सोसा. यूजीन शेजारच्या पिंपातून ताज्या बिअरचा ग्लास भरतात. ती गोड, साधी, सरळ आहे. दोन्ही एकत्र करतात आणि तुमच्या पुढे धरतात. सेंट जाइल्सच्या गुत्त्यातली तीच युक्ती. तिथे गिऱ्हाइकाच्या तोंडी मागणीवर होणारं मिश्रण इथे मालकाच्या जिभेवर ठरतं.

1904 साली लंडनला एक छोटी फेरी आवश्यक आहे. नील्स येल्टे क्लाउसेन नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंगपुढे व्याख्यान देत आहेत. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गचे. त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी 1883 साली शुद्ध यीस्ट वेगळं करून दाखवलं होतं. तेव्हापासून जगभरच्या ब्रुअऱ्यांत स्वच्छतेचं पर्व सुरू झालं: एकच निवडलेलं यीस्ट, बाकी सगळे परके. क्लाउसेन सांगत आहेत ते याच्या उलट वाटेवरचं आहे. इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरची ओळख, म्हणतात ते, दुसऱ्याच एका सावकाश काम करणाऱ्या यीस्टमुळे येते. ते त्याला ब्रेटॅनोमायसेस म्हणतात. नेहमीचं यीस्ट थकून तळाशी बसलं की हे जागं होतं, आणि बाकीच्यांना न पचणारी साखर महिनोन्‌महिने खात राहतं. लाकडाच्या छिद्रांत ते घर करतं, आणि त्याचे काही वाण तर लाकडातून निघणारी साखरसुद्धा पचवतात. पिंप धुतलं तरी ते पुरतं जात नाही.

तुम्ही शेवटच्या रांगेत बसून हे ऐकता, आणि 1814 मधलं चामडं आणि तबेला, जहाजाच्या पोटातली फुसफुस, व्हरांड्यातला तो मंद शेवट, सगळं एका धाग्यात येतं. वाईट याचं वाटतं की ज्या बिअरचं रहस्य उलगडलं ती बिअर तोवर इंग्लंडमध्ये ओसरू लागली होती. लोकांना ताजी, स्वस्त, लवकर तयार होणारी हवी होती. मोठी पिंपं मोडीत निघत होती.

शिकागोत फार थांबायचं नाही, पण तिथून गेल्याशिवाय आजचं चित्र पुरं होत नाही. 1990चं दशक, गूस आयलंड ब्रुअरी. ग्रेग हॉल यांनी केंटकीहून बर्बन व्हिस्कीची रिकामी पिंपं आणली आहेत आणि त्यांत जाड, काळी, कडक स्टाउट भरली आहे. अमेरिकन कायद्यानं बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्येच मुरवावी लागते, त्यामुळे बर्बनवाल्यांना एकदा वापरलेलं पिंप पुन्हा चालत नाही. ते स्वस्तात मिळतं, आणि त्याच्या कोळशात अजून व्हिस्की जिरलेली असते. इथला घोट म्हणजे व्हॅनिला, नारळ, जळकी साखर, आणि छातीत पसरणारी ऊब. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन फुटतं आणि व्हॅनिलीन तयार होतं. सुगंध येतो तो तिथून. ही बिअर थोर आहे, जगभर तिचं अनुकरण झालं ते उगाच नाही. पण प्रामाणिकपणे सांगतो, यात मला ऐकू येतं ते मुख्यतः व्हिस्कीचं बोलणं. ज्या चवीला मेमेलची फळी वापरणारे इंग्लिश कारागीर दोष म्हणत होते ती इथे नायिका झाली आहे. तिच्या मागून आलेल्या कितीतरी बिअरमध्ये तर लाकडाच्या ढलप्या टाकून महिन्याभरात तो वास उसना घेतला जातो. व्हॅनिला येतो, काळ येत नाही.

म्हणून परत रुसेलारेला, आजच्या. स्पान्येस्ट्राटवर, ब्रुअरीच्या दालनांत. इथे सुमारे तीनशे फूडर उभे आहेत, सर्वांत मोठ्यांत 65,000 लिटर बिअर मावते, आणि काही दीडशे वर्षांहून जुने आहेत. लाल रंगाची कडी, काळपट लाकूड. ब्रुअरी आज घराण्याकडे नाही, पण तिच्या पदरी पिंपं बांधणारे स्वतःचे कारागीर अजून आहेत. फूडर सोडवतात, फळ्या आतून तासतात, पुन्हा बांधतात. इतक्या जुन्या लाकडात सुगंध असा काही उरलेला नाही. त्यानं द्यायचं ते कधीच देऊन झालं आहे. उरलेत दोन गुण. एक म्हणजे ते श्वास घेतं: छिद्रांतून अगदी थोडी हवा आत जाते, आणि तेवढ्यावर आंबवणारे जिवाणू बेतानं काम करतात. पिंप लहान असतं तर हवा जास्त शिरून सगळ्याचा व्हिनेगर झाला असता. मोठ्या फूडरमध्ये बिअर खूप आणि लाकूड त्या मानानं थोडं, म्हणून धार येते पण जाळ होत नाही. दुसरा गुण, त्याच्या आत वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे जिवाणू आणि यीस्ट त्या फळ्यांत राहतात आणि नव्यानं येणाऱ्या प्रत्येक बिअरला आपलंसं करतात.

तुमच्या हातात इथलीच ग्रँड क्रू बिअर आहे. दोन तृतीयांश हिस्सा दोन वर्षं ओकमध्ये मुरलेला, एक तृतीयांश ताजा, अल्कोहोल 6 टक्के. ग्लास उजेडापुढे धरा. तांबूस तपकिरी, कडेला माणकाची झाक. नाकाला पहिल्यांदा आंबट चेरी येते, मग एक बारीक टोक, व्हिनेगरची नुसती चाहूल. थोडं थांबा. चामडं येतं, जुनं लाकूड येतं, ओलसर तळघर येतं.

आता घोट. आंबटपणा आधी येतो आणि तो एकपदरी नाही. टोकदार पदर ॲसिटिक आम्लाचा, आणि त्याखाली मऊ, भरलेला पदर लॅक्टिक आम्लाचा. कोकमाचं आगळ पाण्यात घालण्याआधी बोटानं चाखलंत तर जिभेची जी अवस्था होते, सुरुवात तिथून होते. पण आगळ तिथेच थांबतं, आणि ही बिअर पुढे सरकते. मागून ताज्या बिअरचा गोडवा येऊन आंबटपणाच्या खाली हात देतो. मग तुरट. हिरड्यांवर, गालाच्या आतल्या बाजूला हलकी पकड बसते. शेवटी गोडवा जातो, आंबट जातं, तुरट राहतं, आणि तुरटाच्याही मागे तो वास, ज्याच्या मागावर आपण हॉर्स शू ब्रुअरीपासून निघालो. इथे तो फार हळू बोलतो, पण आहे.

ग्लास तसाच ठेवून पाव तास जाऊ द्या. बिअर कोमट होत जाते तशी चेरी मागे सरते, वाळल्या मनुका आणि लाकूड पुढे येतं, आंबटपणाचं टोक बोथट होतं. फ्लँडर्समध्ये ती उत्तर समुद्रातल्या करड्या कोळंबीबरोबर पितात, मांसाच्या रश्शातही घालतात. मला स्वतःला ती तळलेल्या माशाबरोबर सर्वांत जास्त पटते. तेलकटपणा कापून ती पुढच्या घासाला तोंड मोकळं करते.

बाटली कुठे मिळाली तर बर्फात गाडू नका. 10 ते 12 अंशांवर, पोट मोठं आणि तोंड आवळतं अशा ग्लासात ओता आणि घाई करू नका. आणि एक विनंती आपल्याकडच्या बिअरवाल्यांना. पुण्यात 2009 साली दूलालीनं मायक्रोब्रुअरीचा पाया घातला, त्यानंतर राज्यात किती हात या कामाला लागले ते आपण पाहतो आहोत. तिथून चार-पाच तासांच्या वाटेवर नाशिकच्या वायनरी आहेत, आणि त्यांच्या तळघरांत ओकची पिंपं आहेत. काही वर्षं वाइन भरून झाली की त्यांचा सुगंध संपतो आणि वाइनवाल्याला ती नकोशी होतात. बिअरला नेमकी तशीच लागतात. अशी दोन-चार पिंपं आणा, उन्हाळ्यात गार राहील अशी जागा त्यांना द्या, भरा, आणि दोन वर्षं हात लावू नका.